नोआमीचं वाचन

हनोक नवगावकरांना उभ्या जन्मात एकाच गोष्टीची लाज वाटत आली, आणि तीही स्वतःची नव्हे, पूर्वजांची. कोकणात तेलाचे घाणे चालवणारी आणि शनिवारी ते बंद ठेवणारी ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू माणसं कधीकाळी आपला धर्मग्रंथ आणि त्याची भाषा, दोन्ही विसरून गेली होती. पिढ्यान्‌पिढ्या देव एकच आहे सांगणारी शमाची प्रार्थना तेवढी बापाने म्हणायची आणि पोराने ऐकून पाठ करायची. लोक या चिकाटीचं कौतुक करत. हनोकांना ते कौतुक झोंबायचं. ऐकून काय, पोपटही बोलतो, असं ते म्हणत. म्हणूनच अलिबागला चाळीस वर्षं त्यांनी संध्याकाळी पोरांना फुकट हिब्रू शिकवलं. तोरा, म्हणजे तो धर्मग्रंथ, वाचायचा तो अक्षर बघूनच, पाठ म्हणायचा नाही, हा नियम तर छडीसकट शिकवला. नियम जुनाच होता, पण तो पाळून घ्यावा तर हनोकांनीच.

बायको गेल्यावर मुलगा एफ्राइम त्यांना इंग्लंडात, स्लाऊला घेऊन आला. इथे शिकवायला एकच विद्यार्थिनी उरली, ती म्हणजे नात नोआमी. येत्या नोव्हेंबरात तिची बात मित्झवा होती. मुलगी धर्माच्या हिशेबी जाणती होते तो हा दिवस, आणि इथल्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनाघरात, त्या दिवशी मुलगी सगळ्यांसमोर तोराच्या गुंडाळीतून वाचते. अलिबागेत हे कुणी ऐकलंही नव्हतं. हनोकांनी दोन दिवस नाक मुरडलं. तिसऱ्या दिवशी ठरवलं की वाचायचंच असेल तर नवगावकरांची मुलगी असं वाचेल की त्या गोऱ्या लोकांनी बघत राहावं.

त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी स्वतः ओळ दोनदा चालीवर म्हणायची, मग मुलाने ओळीवर बोट ठेवून ती वाचायची. नोआमीचा आवाज गोड होता आणि कान तल्लख. तिसऱ्या वेळी ओळ अशी चोख यायची की म्हाताऱ्याचा ऊर भरून येई. पण मध्येच एखादा शब्द दाखवून विचारलं की गाडी अडायची. दालेत आणि रेश ही दोन सारखी दिसणारी अक्षरं ती रोज गोंधळायची. अक्षरांखालचे स्वरांचे ठिपके तर तिच्या लेखी नव्हतेच. शाळेत तिचं बरं चाललं होतं, कारण तिथे सगळं टॅबलेटवर, अक्षर बोटाने हवं तेवढं मोठं करता येई. हनोकांच्या पुस्तकातलं अक्षर मोठं होत नव्हतं. पोरगी आळशी आहे, असं त्यांनी ठरवून टाकलं. ठरवण्यात ते कधी उशीर करत नसत.

फेब्रुवारीत सिनेगॉगच्या हिब्रू वर्गातल्या बाईंनी त्यांना बाजूला घेतलं. त्या म्हणाल्या, नोआमी वाचताना मान वाकडी करून पानाच्या कडेला बघते. तोंडाने एक ओळ चाललेली असते आणि बोट दुसऱ्याच ओळीवर असतं. एकदा डोळे तपासून घ्या. हनोकांनी त्यांचे आभार मानले आणि घरी येईपर्यंत ते आतल्या आत उकळत राहिले. काल आलेली पोर चाळीस वर्षं शिकवणाऱ्याला शिकवणार! शिवाय लहानपणी नोआमीचे डोळे तपासले होते, तेव्हा सगळं ठीक होतं. त्यांनी एफ्राइमला सांगितलं नाही, सून शुलमिथलाही नाही. मान वाकडी होते ना, मग ती आपण सरळ करू, एवढंच त्यांनी त्यातून घेतलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी ते नोआमीच्या शेजारी बसत आणि तिची मान वळली की गालाला तळहात लावून ती समोर आणत. मारलं कधीच नाही. हात हलका असे, पण आवाज हलका नसे. सरळ बघ, अक्षराच्या डोळ्याला डोळा भिडव. एकदा ती म्हणाली की सरळ बघितलं की अक्षर जातं. हनोकांना वाटलं, काय बहाणे करतात आजकालची मुलं. हळूहळू तिची मान वाकडी होणं थांबलं, ओळीही चोख येऊ लागल्या. उन्हाळ्याच्या सुट्टीअखेर तिने सगळा उतारा एका दमात म्हटला. हनोकांनी फोन करून अलिबागला चार घरी कळवलं.

सप्टेंबरात रंगीत तालीम झाली. सिनेगॉगच्या धर्मगुरू, रब्बायबाई, स्वभावाने मोकळ्या. त्या म्हणाल्या, वेळ कमी आहे, सुरुवात राहू दे, इथून वाच, आणि गुंडाळीवर मधेच ओळ दाखवायची चांदीची काडी टेकवली. नोआमीने काडीकडे पाहिलं. मग तिने पहिल्या ओळीपासून म्हणायला सुरुवात केली. रब्बायबाईंनी हसून तिला थांबवलं आणि पुन्हा जागा दाखवली. नोआमी पुन्हा पहिल्या ओळीपासून. तिसऱ्या वेळी ती गप्प उभी राहिली, मान ताठ, नजर सरळ, आणि गालावरून पाणी ओघळू लागलं. हनोक पहिल्या रांगेत बसले होते. आपण तिला काय शिकवलं ते त्यांना त्या क्षणी कळलं. पोपट.

पुढचं भराभर झालं. चष्म्याच्या दुकानात कुठलाच नंबर लागू पडेना, त्यांनी लंडनच्या मोठ्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे थेंब घातले, फोटो काढले, आणि तिघांना आणि नोआमीला एका लहान खोलीत बसवलं. डॉक्टरीणबाई सावकाश बोलत होत्या. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला आहे. आईबापांकडून आलेलं आहे, त्यात कुणाचा दोष नाही. कडेचं दिसत राहील, मधलं जात राहील. औषध नाही. आणि हो, अशी मुलं आपणहून थोडं बाजूला बघायला शिकतात, कारण तिथे त्यांना दिसतं. तिला तसं बघू द्या, कुणी टोकू नका.

हनोकांनी आपला उजवा तळहात मांडीखाली दाबला.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हे कधीपासून? शुलमिथ म्हणाली, आम्हाला गेल्या महिन्यातच कळलं. तेव्हा नोआमी बोलली, आईकडे वळून, मराठीत, बहुतेक डॉक्टरला कळू नये म्हणून.

"मम्मी, मी आजोबाला सांगितला होता. Like, ages ago. अक्षर जातो म्हणून."

आता लपवण्यात काय अर्थ, म्हणून हनोकांनी फेब्रुवारीतल्या बाईंचंही सांगून टाकलं. एफ्राइमने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. डॉक्टरीणबाईंना हनोकांनी इंग्रजीत विचारलं, तेव्हाच आणलं असतं तर? फरक पडला नसता, त्या म्हणाल्या. त्यांना वाटलं म्हाताऱ्याला दिलासा मिळेल. उलट त्या दिलाशानेच हनोक खचले. डोळे जायचे ते जाणारच होते. पण पोरीला जे थोडं दिसत होतं, त्यावरून सात महिने रोज संध्याकाळी तिची मान फिरवणारा हात त्यांचाच होता.

घरी शुलमिथ भांडली नाही. पप्पा, जेवायला या, पप्पा, औषध घेतलंत का, सगळं पूर्वीसारखंच. फक्त संध्याकाळी नोआमी पुस्तक घेऊन बसली की ती हातातलं काम टाकून दोघांच्या मध्ये येऊन बसायची. हनोकांनी शिकवणं आपणहून सोडलं. ते खोलीत खिडकीशी बसून राहत. देवाला काय सांगावं तेही त्यांना सुचत नसे.

ऑक्टोबरच्या शेवटी रब्बायबाई घरी आल्या. त्यांनी सगळ्यांशी बोलून तोडगा काढला होता. नोआमी गुंडाळीपुढे उभी राहील, आणि तिला पाठच आहे तसा उतारा म्हणेल. कुणाची हरकत नाही. एफ्राइमचे डोळे भरून आले, शुलमिथने बाईंचे हात धरले. बाई गेल्यावर नोआमी हनोकांच्या खोलीत आली आणि पलंगाच्या कडेला बसली. किती दिवसांनी आली होती. तिने मान बाजूला केली नव्हती. सवयीने ती सरळ त्यांच्या तोंडाकडे बघत होती, म्हणजे तिथे तिला काहीच दिसत नसणार.

"आजोबा, सगळे nice बोलतात," ती म्हणाली. "तुम्ही खरं सांगा. मी पाठ म्हटला तर ते वाचन आहे?"

हनोकांनी जन्मभर ज्याचं उत्तर छडीसकट दिलं होतं तो हा प्रश्न. समोर तेरा वर्षांची पोर, आणि तिच्यापुढे सगळा अंधुक होत जाणारा जन्म. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा धर्माच्या बाबतीत खोटं बोलायचं ठरवलं. अगदी ठाम आवाजात ते म्हणाले, "हो बाळा. वाचनच आहे ते."

चेहरा नोआमीला दिसत नव्हता, पण त्याची गरजही नव्हती. ती त्यांचा आवाज ऐकूनच तर सगळं शिकली होती, त्यातलं खोटंही तिला ऐकू आलं.

"ओके," ती म्हणाली. मग उठली आणि खाली जाऊन आईला सांगितलं की तिला बात मित्झवा नको आहे.