फळ्यावरचा आकडा

"पुसला! बघा, पुन्हा पुसला आकडा!" वेल्डरनं मिस्त्रींना कोपरानं ढोसलं.

शेठ फळ्यापाशी उभे होते. दिवसभरात किती खुर्च्या करायच्या तो सकाळी लिहिलेला आकडा त्यांनी तळहातानंच पुसला आणि त्याहून मोठा लिहिला. मग खडू खिशात टाकून रंगाच्या टाकीकडे पळाले. कारखान्यात त्यांना पाठीमागे सगळे भिंगरी म्हणत. बायकोही म्हणायची, पण तोंडावर.

घडीच्या खुर्च्यांचा कारखाना, आणि मालक काही खुर्चीला टेकत नसे. जेवण उभ्यानं, फोन फेऱ्या मारत. त्यालाही कारण होतं. वडिलांनी याच शेडमध्ये खुर्चीत पेंगता पेंगता चालता धंदा बुडवला होता. तेव्हापासून यांच्या मनात एकच धास्ती, माणूस टेकला की संपला. माणसं आकड्याच्या जवळ पोचली की यांना वाटायचं, आता हे ढिले पडणार! की पुसला आकडा.

आजचा दिवस तर विचारूच नका. शाळेचं मोठं काम होतं. तिथं उद्या समारंभ, आज संध्याकाळी टेम्पो भरायचा. हे नीट पार पडलं तर संस्थेच्या सगळ्या शाळांचं काम यांनाच, असं मुख्याध्यापकांनी कबूल केलं होतं. शेठना आठवडाभर धड झोप नव्हती.

दुपारी त्यांनी तयार माल मोजला. निम्मासुद्धा नव्हता. दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा मोजला. मोजून का खुर्च्या वाढतात?

"अहो, दोन घास खाऊन घ्या," पॅकिंगच्या टेबलावरून बायको म्हणाली. "होईल सगळं. जरा दम धरा."

"दम धरा म्हणे! अब्रू गेल्यावर धरतो!"

फाटकापाशी येरझारा घालत त्यांनी शाळेत फोन लावला. ऐनवेळी तोंडघशी पडण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं! निम्म्या आज देतो, उरलेल्या पुढच्या आठवड्यात.

"बरं झालं सांगितलंत," मुख्याध्यापक म्हणाले. "मग आम्ही दुसरीकडूनच घेतो सगळ्या. पाहुणे काय आठवडाभर उभे राहणार?"

शेठ आत आले ते ओरडतच. "गेलं! शाळेचं काम गेलं! निम्म्याच होतील म्हणून मीच कळवलं. तुमच्या आळसापायी!"

यंत्रं थांबली. मिस्त्री वडिलांच्या वेळेपासूनचे. ते मागच्या भिंतीपाशी गेले आणि तिथली ताडपत्री त्यांनी ओढली. मागे खुर्च्यांच्या छातीइतक्या उंच थप्प्या होत्या. रंगवलेल्या, पुसलेल्या, दोरीनं बांधलेल्या.

"उरलेल्या इथं आहेत, शेठ. शेवटची मघाशीच बांधली."

"लपवल्यात? माझ्यापासून?"

"दाखवल्या की आकडा वाढतो. माणसं रडकुंडीला येतात हो. म्हणून थोडा माल मागं ठेवायचा आणि लागेल तसा काढायचा. वर्षानुवर्षं असंच चाललंय. टेम्पो आला की काढणारच होतो. तुम्ही विचारलं तरी असतंत…"

शेठनी घाईघाईनं पुन्हा फोन लावला. पण शाळेनं दुसऱ्याला शब्द दिला होता.

त्यांची नजर थप्प्यांवरून फिरली. दोऱ्यांना दुहेरी गाठ होती, घरी बोचक्यांना असते तशी. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"तूसुद्धा?"

"तुम्हाला सांगितलं असतं, तर थांबला असतात का?" तिचे डोळे भरून आले. "एकदा तरी?"

शेठचा हात उगाच खिशातला खडू चाचपत राहिला. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना.

मिस्त्रींनी थप्पीतली एक खुर्ची सोडवली, उघडली आणि त्यांच्यामागे ठेवली.

"बसा, शेठ."

ते बसले. परक्याच्या घरी बसावं तसे, कडेकडेनं. मग हळूहळू पाठ टेकली. हात खाली नेऊन त्यांनी बिजागरी चाचपली, जरा हलून पाहिलं. खुर्ची कुरकुरलीसुद्धा नाही.

"चांगली झालीय, मिस्त्री."

"चांगल्याच होतात, शेठ."