ऑइलपेंटखालचा कट्टा

मित्रांनो, बेळगावातल्या एका अरुंद गल्लीत कौलारू घराला टेकून बसलेला मी दगडी कट्टा. वय विचारू नका. आता नुसता थकवा तेवढा कळतो.

पाथरवटानं मला छिन्नीनं घडवलं, तेव्हा माझी कड हाताला बोचायची. बसणाऱ्यांनीच मला गुळगुळीत केलं. माझ्यावर तांदूळ निवडले गेले, बाजारातून चालत येणाऱ्यांनी पिशव्या टेकवून दम खाल्ला. पुढं दारोदारी गाड्या आल्या आणि त्या लावायला शेजारचे कट्टे एकेक करून फोडले. माझ्याकडंही कुणी बघेना.

आता गल्ली रुंद करायचं चाललंय. जुनी घरं, जुने कट्टे पुरेसे निघाले तर गल्ली रुंदीकरणातून वगळणार, म्हणून यादी करायला महापालिकेचे साहेब येणार होते. त्यासाठी अर्ज केला होता या घरच्या सुनेनं, ऋचानं. तिची सौम्या दुसरीत आहे, शाळेला एकटी चालत जाते. दारादारांतून कुणी ना कुणी तिला बघत असतं, म्हणून ऋचाचा जीव थाऱ्यावर. इथून भरधाव गाड्या जायला लागल्या तर?

आणि आदल्या दिवशी तिच्या सासऱ्यांनी, केशवअण्णांनी, मला लालभडक ऑइलपेंट फासला!

"साहेब येणार म्हटल्यावर बरं दिसाय नको?"

"केशवा, कट्ट्याचं लगीन काढलायस व्हय रं?" समोरच्या जयाबाई हसल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी माझ्यावर पेन टकटकवलं. "हे नवीनच आहे की हो. जुन्यात कसं धरायचं?"

ऋचाचा चेहरा उतरला. "सर, पुढची घरं बघून या. तोवर दाखवते."

ती उलथनं घेऊन खरवडायला बसली. अण्णा खुरपं घेऊन आले. "माझंच चुकलं गं."

"असू दे अण्णा, तुम्ही ती कड धरा."

जयाबाईंनी पत्र्याचा तुकडा आणला. मला लई लागलं, पण कुरकुरायचंही त्राण नव्हतं. शेवटी छिन्नीचे घाव दिसले, बसून बसून पडलेला खळगा दिसला. परत आलेल्या साहेबांनी त्यावरून तळवा फिरवला.

"लिहितो. पण ठरवणार वरचे."

मित्रांनो, निकाल अजून आलेला नाही. जुनं काही राखायचं असेल, तर आधी त्याला नीट बघा; रंगाचा डबा राहू दे. आणि येता-जाता माझ्यावर जरा बसत चला. माणसं बसलेली असली, की पाडायला आलेल्यालाही थोडं थांबावं लागतं.