चौकशी फळ्यामागच्या घरी

अप्पांना जाऊन चार दिवस झाले होते आणि त्या चार दिवसांत त्यांच्या मुलाने, दादाने, एकच वाक्य निदान शंभर जणांना ऐकवलं होतं, "बोललेच नाहीत हो कुणाला." दारात चपला काढणाऱ्याला ते ऐकवायचं, फोन करणाऱ्याला ऐकवायचं, कामावरच्या सोबत्यांना ऐकवायचं. समोरचा मान हलवून म्हणायचा, "स्वभावच तसा त्यांचा. दुसऱ्यासाठी जीव टाकतील, स्वतःचं कधी काढणार नाहीत." मग दादाला घटकाभर बरं वाटायचं.

या वाक्याशिवाय त्याचं भागणारच नव्हतं. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी अप्पांचे कागद मिटताना तोंडावर विचारलं होतं, "तीन आठवडे आधी आणलं असतं तर वाचले असते. इतके दिवस धाप लागत होती, घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?" त्यावर दादाकडे हे एवढं एकच उत्तर होतं. ते खोटं निघालं असतं तर पुढचे दिवस कोणत्या तोंडाने काढायचे, हे त्याला ठाऊक नव्हतं. बाईंनी निघताना एका पिशवीत अप्पांचे बूट दिले. सकाळी साडेआठला घरातल्या खुर्चीत कोसळलेला माणूस पायात बूट घालून का बसला होता, हा प्रश्न तेव्हा दादाच्या मनात येऊन गेला, पण त्या गडबडीत विरूनही गेला.

अप्पा पेंटर. भिंती रंगवणारे नव्हेत, दुकानांच्या पाट्या रंगवणारे. औषधवाला, किराणावाला, शिंपी, सायकलवाला, सगळ्यांच्या पाट्यांवर त्यांचंच वळणदार अक्षर. परका माणूस रस्त्यावरून गेला तर त्याला वाटावं, सगळी दुकानं एकाच मालकाची आहेत. सत्तरी उलटल्यावर गुडघ्यांनी शिडी चढायला नकार दिला, तेव्हा ब्रश सुटला. खडू मात्र सुटला नाही. घराच्या रस्त्याकडच्या भिंतीवर त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी स्वतः ठोकलेला काळा फळा होता. रोज सकाळी सातला अंघोळ करून ते त्यावर लिहायचे. पाणी किती वाजता येणार, कुणाचा चष्मा सापडलाय, कुणाला रक्त हवंय, कुणाची म्हातारी दवाखान्यात एकटी आहे. पुढे सगळ्यांच्या हातात फोन आले, तरी फळ्यावर आल्याशिवाय बातमी पक्की नाही, असं गल्ली मानायची.

फळ्याचा एक नियम होता. अडलेल्या माणसाचं नाव त्यावर कधीच यायचं नाही. "एका बाईंना", "एका गृहस्थांना", एवढंच. खाली ठरलेली ओळ, 'चौकशी फळ्यामागच्या घरी.' अप्पा म्हणायचे, "मदत मागताना माणूस आधीच अर्धा मेलेला असतो. त्यात त्याचं नाव भिंतीवर कशाला टांगायचं?" सुरुवातीला चौकशीला माणसं यायची. कुणी आलं नाही तर दुसऱ्या दिवशी अप्पा स्वतः बूट चढवून निघायचे. इस्त्रीवाल्याची बायको बाळंतपणात अडली तेव्हा तेच रात्रभर बाकड्यावर बसले होते. असं इतक्या वेळा झालं की ते गल्लीच्या अंगवळणीच पडलं. फळा वाचायचा, 'पेंटरकाका आहेत' म्हणायचं आणि पुढे चालू लागायचं. चौकशीला येणं हळूहळू बंदच झालं. आई वैतागून म्हणायची, "या माणसाला भेटायचं तर आधी आजारी पडावं लागतं, तेही शेजारच्या घरात!" आईला ऐकू कमी येतं. तिची कुजबुजसुद्धा चार घरं ओलांडून जाते. तिला गुपित सांगणं म्हणजे गल्लीला सांगणं, असं अप्पा हसत म्हणायचे आणि गुपितं स्वतःजवळच ठेवायचे.

रविवारी संध्याकाळी पाचला वाचनालयाच्या वरच्या खोलीत शोकसभा ठरली. गल्लीतल्या मंडळाचे अध्यक्ष दादाला म्हणाले, "सूचना फळ्यावरच हवी. आणि ती तूच लिही. अक्षर तुझं तसंच आहे." दादा लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. तारा आणि कप्प्यांशी त्याचं आयुष्य गेलं, पण अक्षर मात्र अप्पांनी छडी घेऊन घडवलेलं. रविवारी सकाळीच तो ओलं फडकं आणि खडू घेऊन फळ्यापाशी आला.

फळ्यावर अप्पांची शेवटची सूचना तशीच होती. एवढ्या जाण्यायेण्यात ती कुणी पुसली नव्हती.

'एका वृद्ध गृहस्थांना मोठ्या दवाखान्यात तपासणीला जायचे आहे. चालताना धाप लागते. सोबत अजून मिळालेली नाही. अर्ध्या दिवसाचे काम आहे. सकाळी आठ वाजता निघणे. चौकशी फळ्यामागच्या घरी.'

ही सूचना दादाच्या ओळखीची होती. तीन आठवडे ती थोड्याफार फरकाने फळ्यावर येत होती. पहिल्यांदा वाचली तेव्हा त्याने स्कूटर चालू करता करता विचारलंही होतं, "अप्पा, आता कुणाला नेताय?"

अप्पा हातावरचा खडू झटकत म्हणाले होते, "आहे एक हट्टी म्हातारा."

"त्याला मुलंबाळं नाहीत का?"

"आहेत की. चांगली आहेत. कामात असतात बिचारी."

"असल्या मुलांना ना, चौकात उभं करून फटकावलं पाहिजे," असं म्हणून दादाने स्कूटर काढली होती. अप्पा हसले होते.

दादाने फडकं उचललं, तेवढ्यात समोरून इस्त्रीवाला आला. डोळे सुजलेले. चार दिवस त्याने दुकान उघडलं नव्हतं.

"दादा, पुसू नका जरा," तो म्हणाला. "हे म्हातारबाबा कोण आहेत हो? काका तर गेले. आता त्यांना कोण नेणार?"

"मला नाही माहीत."

"काकांचं राहिलेलं काम मी करतो. माझ्यासाठी काय कमी केलंय त्यांनी? उद्या आठला रिक्षा घेऊन येतो. फक्त नाव सांगा, घर सांगा. मी वाचत होतो रोज. पण मनात म्हटलं, काका आहेत."

दादाला भरून आलं. चार दिवसांत कुणी पहिल्यांदाच काहीतरी कामाचं बोललं होतं. "थांबा," तो म्हणाला, "अप्पांच्या वहीत नाव असेल."

सूचना आधी वहीत लिहायची, मग फळ्यावर उतरवायची, ही अप्पांची पद्धत. फळ्यावर खाडाखोड त्यांना खपायची नाही. ज्या माणसासाठी सूचना असेल त्याचं नाव ते वहीत समासात बारीक अक्षरात टिपून ठेवायचे आणि वही खणात कुलपाखाली. किल्ली चष्म्याच्या डबीत. घरातल्या कुणीही ती वही कधी उघडली नव्हती.

दादाने वही उघडली. जुन्या पानांवर समासात माणसं ओळीने होती. इस्त्रीवाले. शिंप्याची सून. अध्यक्षांचा धाकटा भाऊ, ज्याचं दारूचं प्रकरण गल्लीत आजतागायत कुणाला कळलेलं नाही. दादाने पानं उलटली आणि शेवटच्या पानावर आला. सूचना तीच. समासात एकच अक्षर होतं.

मी.

त्याने मागचं पान पाहिलं. मी. त्याच्या मागचं पाहिलं. मी. सहा वेळा लिहिलं होतं, तीन आठवड्यांत सहा वेळा. पहिल्या सूचनेत 'सोबत मिळाल्यास बरे' होतं, तिसरीत 'ज्यांना सवड असेल त्यांनी यावे', पाचवीत 'कृपया'. अप्पांनी चाळीस वर्षांत दुसऱ्या कुणासाठीही 'कृपया' लिहिलं नव्हतं.

दादा खुर्चीत बसला. मग ती कोणती खुर्ची आहे हे लक्षात येऊन ताडकन उठला.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "कुणाचं नाव शोधतोयस?"

"फळ्यावरच्या म्हाताऱ्यांचं," तो मोठ्याने म्हणाला.

"हां, ते होय. त्यांच्यासाठीच तर रोज आठला कपडे करून बसायचे हे. पायात बूट, मांडीवर पिशवी. मी म्हटलं, अहो, न्यायचंय तर न्या एकदाचं, नाहीतर बूट तरी काढा. तर म्हणायचे, कुणी सोबतीला आलं की निघतो. दहा वाजले की बूट काढायचे. मग मला विचारायचे, कुणी येऊन गेलं का गं, मी आत होतो तेव्हा? सापडलं का तुला? काय नाव आहे त्या म्हाताऱ्यांचं?"

दादाने वही मिटली. "लिहिलेलं नाही."

आईने मिटलेल्या वहीकडे पाहिलं, मग त्याच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग ती आत गेली.

बाहेर इस्त्रीवाला ताटकळत होता. "सापडलं?"

"नाही," दादा म्हणाला.

"मग विचारत फिरतो मी घरोघर. असतील इथेच कुठे तरी बसून वाट बघत."

दादाला त्याला थांबवताही आलं नाही आणि सांगताही आलं नाही. फळा पुसायला त्याचा हात उचलेना. अप्पांच्या सूचनेखाली चार बोटं जागा होती, तिथे त्याने शोकसभेची वेळ दाटीवाटीने लिहून टाकली. आयुष्यातलं सगळ्यात वाईट अक्षर.

संध्याकाळी वरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्यातही माणसं उभी होती. बोलणारे मनापासून बोलले, रडले. शिंपी म्हणाला, माझी सून आज आहे ती त्यांच्यामुळे. अध्यक्ष म्हणाले, "पेंटरकाकांनी आयुष्यभर सगळ्यांसाठी मागितलं, पण स्वतःसाठी कधी कुणापुढे हात पसरला नाही." लोकांनी माना डोलावल्या. मग त्यांनी दादाला दोन शब्द बोलायला सांगितलं.

दादाच्या खिशात वही होती. वाचून दाखवायची, असं तो दुपारभर ठरवत होता. उभा राहिला आणि पहिल्या रांगेत आई दिसली, मांडीवर अप्पांची पिशवी घेऊन बसलेली. हे वाचलं तर तिच्यावरही कोसळेल, असं त्याने मनाशी म्हटलं. खरं म्हणजे त्याला स्वतःची भीती वाटली. जिभेवर चार दिवसांचं घोटलेलं वाक्य तयारच होतं.

"अप्पांना त्रास होता," तो म्हणाला, "पण ते बोललेच नाहीत हो कुणाला."

खोलीभर हळहळ उमटली. ती विरण्याआधीच आई बोलली. आपण मुलाच्या कानात सांगतोय असंच तिला वाटत असावं, पण आवाज जिन्यातल्या शेवटच्या माणसापर्यंत गेला.

"बोलले ना रे. फळ्यावर लिहिलं त्यांनी. ते म्हातारे म्हणजे हेच. अजून पुसलेलं नाही. इथे येताना सगळे ते वाचूनच आलेत."

दिवसभर घरोघर विचारत हिंडलेला इस्त्रीवाला भिंतीला टेकून खाली बसला. अध्यक्ष उठले आणि परत बसले. दादा सगळ्यांसमोर तसाच उभा राहिला, आणि आता तरी खाली बस असं त्याला कुणीच म्हटलं नाही.