आधी लिही, मग सोड

संगमनेरजवळच्या दूध संकलन केंद्रावर सकाळपासून रांग खोळंबली होती आणि कैनातचं डोकं फिरलं होतं. वजन आणि फॅट मोजणारा प्रोग्राम तिनंच लिहिलेला, नोकरीतलं पहिलंच काम. तो मधूनच अडखळायचा. म्हणून त्याच्यावर पाळत ठेवायला तिनं एक स्क्रिप्ट लावली. चालू प्रोग्रामला धरून बसायचं आणि तो कुठं थांबतो ते टिपायचं, एवढंच त्या स्क्रिप्टचं काम. पण झालं भलतंच. नुसता अडखळणारा प्रोग्राम आता रोज सकाळी ठार बंद, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावेपर्यंत! आगीतून फुफाट्यात.

"आज नुसतं बंद-चालू नगं. कारन सापडलं न्हाई, तर उद्यापासून पुन्हा हातानं वही," मॅनेजर काकासाहेबांनी बजावलं. "आन् कागदावर दाखव. पडद्यावरचं मला पटत न्हाई."

कागदाचं हे खूळ जुनंच. त्यासाठीच तर कैनातनं स्क्रिप्टला शिकवलं होतं, की संध्याकाळी काम संपलं की आधी सगळं प्रिंटरवर काढ, मग प्रोग्रामला सोड आणि मग बंद हो. पण कागद काही येईना. तिनं सगळा राग ऑपरेटर कारभारीवर काढला, तोही रांगेतल्या लोकांसमोर.

"कारभारीभाऊ, पडद्यावरची माझी खिडकी मध्येच बंद करता ना तुम्ही? किती वेळा सांगायचं, हात लावू नका म्हणून!"

"न्हाई ओ ताई, आमी हात बी लावला न्हाई."

तिला खरं वाटलं नाही. फणफणत तिनं यंत्रात चालू असलेलं एकेक तपासलं. कालची स्क्रिप्ट अजून जिवंत होती. प्रोग्रामची मानगूट तशीच धरून प्रिंटरची वाट बघत बसली होती. प्रिंटरचा दिवा विझलेला.

तिनं बटण दाबलं. प्रिंटर करकरला, कागद सरकला आणि पाठोपाठ प्रोग्राम चालू झाला. रांगेतले कॅन हलले.

"प्रिंटर रोज कोन बंद करतं? कारभारी?" काकासाहेब कडाडले.

कारभारी खाली मान घालून कॅन सरकवत राहिला. गप्प राहिली असती तर कैनात सहज सुटली असती. पण पहिल्याच आठवड्यात तिनंच त्याला दरडावलं होतं, जाताना कॉम्प्युटर सोडून एकूण एक बटण बंद करा म्हणून. त्यानं ते इमानेइतबारे पाळलं होतं.

"मीच सांगितलं होतं त्यांना," ती म्हणाली. "आणि चूक प्रिंटरची नाही. निघताना धरलेलं आधी सोडायचं असतं, मग लिहायचं. मी उलटं केलं."

"मंग त्याच्या आदी अडखळायचं, ते कशानं?"

"ते अजून सापडलं नाही."

"मंग ठरलं ते ठरलं. उद्यापासून वही."

काकासाहेब निघून गेले. कैनातचे डोळे भरून आले. स्वतःचाच संताप येत होता. कारभारीनं फडक्यानं वजनकाटा पुसला आणि नेहमीच्याच आवाजात विचारलं, "ताई, आज जाताना प्रिंटर चालू ठिवू का बंद करू?"

त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.