मी टिपलेला आवाज

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. माणसाचा आवाज अजरामर करण्यासाठी माझा जन्म झाला. पहिली सहा वर्षं मात्र मी एका सभागृहात होतो आणि तिथे लोक माझ्यासमोर मुख्यतः खोकले.

मग एका पॉप रॉक बँडने मला जुन्या सामानातून उचललं. माझी जाळी चेपलेली होती. गिटारवाल्याने ती चमच्याच्या दांड्याने सरळ केली आणि आपल्या मागच्या खोलीत मला उभं केलं. भिंतींवर रजया ठोकलेल्या. फुंकर थेट अंगावर येऊ नये म्हणून माझ्यापुढे एक मोजा ताणलेला. तो धुतलेला आहे असं मला सांगण्यात आलं.

गायिका चौतिशीची. अकरा वर्षं ती दुसऱ्यांची गाणी गात होती. हे पहिलंच गाणं तिचं स्वतःचं, शब्दांसकट. घरी करारही झाला होता. तिची ताई फरशीचं दुकान चालवायची. गाणं चाललं तर बँड, नाही चाललं तर सोमवारपासून ताईच्या काउंटरवर.

एक्केचाळीस वेळा ती माझ्यासमोर गायली. दर वेळी पंखा बंद. कधी शेजारचा कुकर मधे बोलायचा, कधी ड्रमवाल्याला शिंक यायची. एक्केचाळिसाव्या वेळी तिचा आवाज किंचित चिरकला आणि गिटारवाला म्हणाला, "हेच ठेवू. आता माझ्यात जीव नाही." मित्रांनो, आयुष्यात मी टिपलेला तो सगळ्यात खरा आवाज.

शुक्रवारी दुपारी बारा वाजता गाणं इंटरनेटवर प्रसिद्ध झालं. खोलीत टाळ्या वाजल्या, केक कापला गेला. फक्त गाणं कुणी लावलं नाही. तीन महिने तेच ऐकून सगळ्यांचे कान विटले होते.

कौतुकाला मात्र तोटा नव्हता. मामीचा निरोप आला, "काय गोड गळा गं! डोळ्यांत पाणी आलं." कॉलेजच्या सरांनी लिहिलं, शब्द थेट भिडले. गायिका प्रत्येक निरोप मोठ्याने वाचायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

रविवारी संध्याकाळी ताईचा फोन आला. गायिकेने कौतुकाने तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"अगं, तीनदा ऐकलं मी," ताई म्हणाली. "छानच वाजवलंय. पण तू कुठे आहेस यात?"

तेव्हा कुठे गाणं लावलं गेलं. गिटार होती, ड्रम होते, आवाज नव्हता. कार्यक्रमाच्या सरावासाठी गिटारवाल्याने बिनआवाजाचं गाणं वेगळं करून ठेवलं होतं. प्रसिद्ध करायला त्याने चुकून तेच पाठवलं होतं.

"बदलता येईल," तो म्हणाला. "पण मग ऐकणाऱ्यांची मोजणी पुन्हा शून्यापासून. नऊशे झालेत, बाई. आणि राग मानू नकोस, असं जरा मोकळं वाटतंय. लोकांनाही आवडलंय."

"कुठल्या लोकांना?"

"तुझ्या मामीलाच विचार."

ड्रमवाला त्यावर हसला आणि मग हसू नये असं त्याच्या लक्षात आलं. गायिका हसली नाही, भांडलीही नाही. "राहू दे तसंच," एवढंच म्हणाली. माझ्यापुढचा मोजा काढून तिने घडी घातली, पंखा लावला आणि गेली. सोमवारी ती काउंटरवर होती.

आता मी खुर्चीखाली पडून असतो. माझ्या वायरला पाय अडकतो, तेवढीच विचारपूस. मित्रांनो, एका थकल्या माइकचं ऐकाल? माझ्यावर टकटक करू नका, फुंकर मारू नका, वायर धरून मला ओढू नका. आणि कुणाच्या आवाजाची स्तुती करायची असेल, तर आधी तो आहे का एवढं बघा.

गाणं अजून वाजतं. दातांच्या एका डॉक्टरांनी ते बाहेरच्या खोलीत लावायला घेतलंय. मधे कुणी गात नाही, म्हणून.