उथळ खाच

चौतीस वर्षं मी आमच्या कॉलेजच्या आइस हॉकी संघाच्या स्केट्सना धार लावतोय, आणि चौतीस वर्षं मला वाटत आलंय की यातलं माझ्याइतकं कुणालाच कळत नाही. बायको म्हणायची, "रूडी, उगाच नाकाने कांदे सोलू नकोस." तिचं ऐकायला हवं होतं.

त्या मार्चमध्ये आमचा संघ अकरा वर्षांनी विभागीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्याला पोचला. सामने राजधानीतल्या मोठ्या स्टेडियममध्ये, आमच्या गावापासून बसने सात तास. जिंकेल तो राष्ट्रीय स्पर्धेला, हरेल तो घरी. कार्स्टन लुंड आमचा कर्णधार, बचावपटू, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. त्याला पुढे कुठलाही व्यावसायिक संघ बोलावणार नव्हता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. जूनपासून काकाच्या लाकूडगिरणीत कामाला लागायचं ठरलेलं. म्हणजे हरलो की त्याचं हॉकी तिथल्या तिथे संपणार.

बाद फेऱ्या सुरू झाल्या की आमच्यात कुणी दाढी करत नाही. जिंकत असताना काही म्हणजे काही बदलायचं नाही. बसमध्ये तीच जागा, पायात तेच मोजे. आमचा गोलरक्षक सहा सामने एकच गंजी न धुता घालत होता आणि त्याच्या शेजारी बसायला कुणी धजत नव्हतं.

शुक्रवारी उपांत्य सामना जिंकलो. शनिवारी सकाळी सराव आटोपून कार्स्टन स्केट्स हातात घेऊन माझ्या यंत्रापाशी आला.

"रूडी, इथला बर्फ मऊ आहे रे. एवढ्या माणसांची ऊब. पातं फार रुततंय. खाच जरा उथळ करतोस?"

पात्याच्या तळाला मधोमध लांब खाच असते. ती खोल असली की दोन्ही कडा बर्फात घट्ट रुततात, उथळ असली की पाय सहज फिरतो. आमच्या गावचा बर्फ दगडासारखा, म्हणून मी खोल काढतो.

"काल याच धारेवर जिंकलास ना?"

"जिंकलो, पण दोनदा अडखळलो."

"मग ती बोकडाची दाढीपण काढून टाक! जिंकताना काही बदलायचं नाही, पोरा. तुझ्या जन्माआधीपासून करतोय मी हे."

तो हसला. "बरं म्हाताऱ्या, तू म्हणशील तसं."

बोळाच्या टोकाला स्टेडियमचा धार लावणारा माणूस स्वतःचं यंत्र घेऊन बसला होता. कार्स्टन त्याच्याकडे गेला नाही. माझ्यावर विश्वास होता ना त्याचा.

संध्याकाळी अंतिम सामना ठरल्या वेळेत दोन-दोन असा बरोबरीत राहिला आणि जादा वेळ सुरू झाला. आता पहिला गोल करील तो जिंकला. नवव्या मिनिटाला त्यांचा एक पोरगा काठीने चकती ढकलत आमच्या अंगावर आला. कार्स्टन उलटा सरकत होता. तो वळायला गेला, डावं पातं बर्फात रुतलं आणि तो आडवा झाला. पोरगा त्याच्या बाजूने निघून गेला. गोल झाला तेव्हा मी त्या पात्याने बर्फात पाडलेल्या चराकडे बघत होतो.

कपडे बदलायच्या खोलीत कार्स्टन सगळ्यांसमोर उभा राहिला. "माझा पाय चुकला. दोष माझा," एवढंच म्हणाला. कोचनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मी मळक्या कपड्यांची गाडी धरून कोपऱ्यात उभा. कुणी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सुंठीवाचून खोकला गेला होता, आणि मला माझीच किळस आली.

शेवटचा सामना हरलेली पोरं अंगावरचं सामान लवकर उतरवत नाहीत. उतरवलं की संपलं, मग पुन्हा कधीच चढवायचं नाही. मी तसल्यांना घाई करत नाही. बाकीचे एकेक करून बसकडे गेले; कार्स्टन जर्सी, पॅड, स्केट्स सगळं घालून बसून राहिला. दाढीत पाणी होतं, घामाचं की कशाचं ते मी बघितलं नाही.

मी त्याच्यासमोर बाकावर बसलो. "तुझा पाय नाही चुकला. माझी धार चुकली. तू सांगितलं होतंस."

मला वाटलं, शिवी देईल. दिली असती तर बरं झालं असतं.

"माहीत आहे मला," तो म्हणाला. मग वाकून त्याने स्केट्स काढले आणि माझ्यापुढे धरले. "लाव एकदा. मी म्हणालो होतो तशी."

"आता? कशाला?"

"लाव ना."

मी यंत्र सुरू केलं. उथळ खाच काढली, दोन्ही कडा नखावर घासून बघितल्या. त्याने स्केट्स चढवले आणि तो बोळातून बर्फावर गेला. मी मागे. वरती माणसं खुर्च्यांखालचा कचरा झाडत होती. कार्स्टन नेमका त्या चराजवळ गेला, उलटा सरकला आणि वळला. अलगद वळला. परत एकदा. मग आणखी एकदा.

चौथ्यांदा तो वळला नाही. कठड्याशी येऊन थांबला.

"हं," तो म्हणाला. "हीच धार हवी होती."

आम्ही खोलीत परतलो. तो बाकावर बसला, उजवा पाय पुढे केला. मी गुडघे टेकले आणि त्याच्या स्केटची नाडी सोडायला घेतली.