आत्याबाईची मात्रा

"अजून वाढवा," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि आम्ही सगळे पडद्यावरच्या आकड्याकडे डोळे लावून उभे राहिलो.

टेबलावर आत्याबाई गाढ भुलीत होती. आत्याबाई म्हणजे आमची मेंढी. गोठ्यात कुणी नवं आलं की आधी फुरफुरायची, मग ढुशी द्यायची, म्हणून हे नाव. प्रयोगाच्या जनावराला नाव द्यायचं नाही असा नियम आहे. गोठा सांभाळणारा मी, तो पहिल्या मेंढीपासूनच धाब्यावर बसवला होता. "अहो, माझ्याशी बोलता का कधी इतकं गोड?" असं बायको विचारायची.

भुलीतच आत्याबाईचं फुप्फुस जायबंदी केलेलं होतं, मोठ्या आजारात माणसाचं होतं तसं. श्वासाच्या यंत्रातून औषधाची वाफ द्यायची, फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या सैल करायच्या आणि रक्तातला प्राणवायू वाढतो का ते बघायचं, असा प्रयोग. आजवर एकाही मेंढीत तो वाढला नव्हता. आता वरून हुकूम आला होता की ही शेवटची. हिच्यातही काही निघालं नाही तर काम गुंडाळायचं. म्हणजे मी बाटलीने दूध पाजून वाढवलेली सगळी जनावरं फुकट गेली.

प्राणवायूचा आकडा घसरला.

"अजून वाढवू या?" बाईंच्या मदतनिसाने विचारलं. त्याला आम्ही चष्मेवाला म्हणतो. आमची रीतच होती ती. गुण येत नाही, तर मात्रा वाढवा.

"रक्तवाहिन्यांतला दाब मस्त उतरलाय," बाई पुटपुटल्या. "रक्त मोकळं वाहतंय. मग प्राणवायू का मिळत नाही त्याला?" त्यांनी मान हलवली. "जाऊ दे. उतरव औषध. हळूहळू हं, एकदम नको."

चष्मेवाला पडेल चेहऱ्याने बटण मागे फिरवू लागला. मात्रा अगदी थोडी उरली होती, आणि आकडा हलला. वर.

"थांब," बाई म्हणाल्या. "हात काढ तिथून."

आकडा आणखी चढला. औषध द्यायच्या आधी होता त्याच्याही वर गेला.

"मामा, कळलं का?" बाई माझ्याकडे वळल्या. "फुप्फुसाचा खराब भाग म्हणजे बंद दुकानं. रक्त म्हणजे गिऱ्हाईक. शरीर शहाणं, ते बंद दुकानांकडचा रस्ता आपणच अडवून ठेवतं. थोडं औषध दिलं तर चालू दुकानांचे रस्ते तेवढे रुंद होतात. जास्त दिलं की सगळेच अडसर निघतात, आणि निम्मं गिऱ्हाईक बंद दारावरून रिकाम्या पिशव्या घेऊन परत येतं."

"म्हणजे आपणच जास्त पाजत होतो?"

"आपणच. पहिल्या मेंढीपासून."

खात्रीसाठी पुन्हा मात्रा वाढवली. आकडा पडला. कमी केली, चढला. चष्मेवाल्याने मला मिठी मारली आणि त्याचा चष्मा माझ्या खांद्यावर वाकडा झाला. मी हसत होतो, रडतही होतो, आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. एकही फुकट गेली नव्हती.

मग चष्मेवाल्याने चष्मा सरळ केला. प्रयोगातली मेंढी भुलीतून उठवत नाहीत. तिचं फुप्फुस बाहेर काढून तपासावं लागतं.

बाईंनी सुई भरली. "मामा, तुम्ही बाहेर थांबा हवं तर."

मी बाहेर गेलो नाही. ओल्या कापसाने आत्याबाईचं नाक पुसलं, नळीच्या पट्टीखाली चिकटलेली लोकर सोडवली. कानाशी वाकून म्हणालो, "जमलं बरं का, आत्याबाई. थोडक्यात जमलं."

यंत्र थांबलं. तरी माझा हात तिच्या कपाळावरच होता. फुप्फुस लगेच काढायला हवं होतं, पण बाई सुरी हातात घेऊन उभ्या राहिल्या आणि मला कुणी बाजूला हो म्हणालं नाही.